दोनशे किलोचा जेलीफिश: वजन कशाचं, आणि जायकवाडीत येईल का?

पैठणच्या मित्राने विचारलंय की, जपानमध्ये दोनशे किलोचा जेलीफिश जाळ्यात सापडतो हे खरं का, त्यात एवढं वजन कशाचं, आणि तो जायकवाडीत येईल का.

खरं आहे. त्याचं नाव नोमुरा जेलीफिश. छत्रीसारखं अंग २ मीटरपर्यंत रुंद, वजन २०० किलोपर्यंत. हाड नाही, मेंदू नाही. ९५ टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणी, बाकी लिबलिबीत गर. पाण्यात असतो तोवर त्याचं ओझं जवळजवळ जाणवतच नाही, कारण त्याची घनता समुद्राच्या पाण्याएवढीच. गोची होते ती जाळं वर ओढताना. असे पन्नास-शंभर एकदम आले की जाळं फाटतं. २००९ मध्ये जपानच्या चिबा किनाऱ्यापुढे १० टनांचा ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत नेणारी मासेमारी बोट, असंच जाळं ओढताना चक्क उलटली. तिघंही खलाशी वाचले, हे नशीबच.

जाळं टिकलं तरी नुकसान चुकत नाही. सोबतचे मासे चेंगरतात, डंखांनी खराब होतात, अंगावर बुळबुळीत थर बसतो आणि भाव पडतो. पकडलेली मासळी साफ करता करता माणसांनाही डंख बसतात. हे जेलीफिश मुख्यतः चीन-कोरियाच्या बाजूच्या समुद्रात वाढतात आणि प्रवाहाबरोबर जपानकडे येतात. अतिमासेमारी, सांडपाणी, पाण्याची वाढती उष्णता अशी कारणं सांगितली जातात. मला वाटतं, एकट्या कुणावर खापर फोडता येणार नाही.

जायकवाडीचं म्हणाल तर निर्धास्त राहा, गोड्या पाण्यात तो जगत नाही. गोड्या पाण्यातली जेलीफिशची जात वेगळी, जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढी. तिने भोई मंडळींचं जाळं फाटणार नाही.