सासरचे लोक 'देवाने सांगितलं' म्हणतात, तेव्हा त्यांना नेमकं काय ऐकू येतं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सासर मालवणकडचं, घरात कुठलंही मोठं काम निघालं की सासरे देवळात जाऊन येतात, आणि "देवाने डावा दिला" म्हणून काम पुढे ढकललं जातं. तर त्यांना खरंच काही ऐकू येतं का, आणि त्यांच्या मनातला देव असतो तरी कसा? मी त्याच तालुक्यातला. नोकरी मुंबईत, पण गणपती, शिमगा आणि गावची जत्रा चुकवत नाही. लहानपणापासून देवळात जे बघत आलो त्यावरून सांगतो.

आवाज कुणालाच ऐकू येत नाही. तुमच्या सासऱ्यांनाही नाही. त्यांनी जे घेतलं त्याला कौल म्हणतात. गोव्यात त्यालाच प्रसाद लावणं किंवा पाकळी लावणं म्हणतात. गुरव देवाच्या मूर्तीवर ठरलेल्या जागी फुलांच्या पाकळ्या, कळ्या नाहीतर पानाचे तुकडे पाण्याने चिकटवतो, प्रश्न मांडतो आणि मग सगळे वाट बघतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आमच्याकडे उजवी म्हणजे देवाची उजवी, बघणाऱ्याची नव्हे. काही ठिकाणी तांदळाचे दाणे मोजून कौल घेतात, पण दगडी मूर्तीवरच्या पाकळीचं वजन जास्त.

पाकळीइतकाच महत्त्वाचा असतो प्रश्न. तो कुणीही कसाही विचारत नाही. गाऱ्हाणं घालायची रीत आहे. गुरव किंवा मानकरी हात जोडून सुरू करतो, "बा देवा म्हाराजा! ह्यां लेकरू आज तुझ्या पायाकडे इला, घराक हात घालूचा म्हणता. तुझ्या मनात आसात तर उजवो कौल दी, नसात तर डावो दी रे म्हाराजा." मागे उभे असलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा." म्हणजे प्रश्न एकट्याचा राहिला नाही, चार माणसांनी तो ऐकला आणि त्यावर मान डोलावली. उत्तर आलं तेही चार माणसांदेखत. घरी येऊन सासऱ्यांना ते बदलून सांगता येत नाही. एखाद्याला स्वप्नात दृष्टांत झाला तर आमच्याकडे लोक ऐकून घेतात, पण कामाचं ठरवताना त्याच दृष्टांताचा पुन्हा कौल लावून बघतात.

आता एक प्रसंग सांगतो, म्हणजे आत काय चालतं ते कळेल. माझ्या काकांना जुनं मातीचं घर पाडून नवं बांधायचं होतं. पैसे तयार, गवंडी ठरलेला. आम्ही देवळात गेलो. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं झालं, आणि मग काहीच होईना. बराच वेळ. समईची वात कुणीतरी पुढे सारली. सभामंडपात एकाचा मोबाईल वाजला, तो दाबत बाहेर पळाला. काका एकटक बघत उभे. मग डावी पाकळी अशी हळूच वाकली, क्षणभर लोंबली आणि पडली.

मला वाटलं, संपलं. पण खरं बोलणं तिथून सुरू झालं. गुरवाने पुन्हा पाकळ्या लावल्या. काही राहून गेलंय का? उजवी. कुळदेवतेचं? डावी. घरातल्या कुणाचं? डावी. राखणदाराचं? उजवी, आणि ही लगेच पडली. राखणदार म्हणजे जागेचा रक्षक, त्याला वर्षातून एकदा नारळ-कोंबड्याची राखण द्यायची असते. आजोबा गेल्यावर सगळे मुंबईला, ती कुणी दिलीच नव्हती. काका अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "माका म्हायत होता." राखण दिल्यावरच घराला हात घालायचा असं ठरलं, देवासमोर नारळ ठेवला, आणि आम्ही चहाला गेलो.

तर "देवाने सांगितलं" याचा अर्थ बहुतेक वेळा हा असतो. नवी बातमी मिळत नाही. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली पण कुणी तोंडातून न काढलेली गोष्ट देवाच्या नावाने बाहेर येते. संशयखोर माणूस म्हणेल, गुरवाला गावातलं प्रत्येक घर ठाऊक असतं, राखणदाराचा प्रश्न त्यालाच सुचला. बरोबर आहे, त्यालाच सुचला. पाणी सुकलं की पाकळी सुटते, हेही त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, रोज मूर्तीला स्नान घालतो तो. पाकळी चमत्काराने पडते असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. पडणार तर दोन्ही आहेत. आधी कुठली, एवढंच देवाचं.

आता देव कसा असतो त्याबद्दल. टीव्हीवरच्या मालिकेतला, हात वर करून आशीर्वाद देणारा देव डोक्यातून काढून टाका. आमचा ग्रामदेव हा गावचा धनी आहे. मालवण तालुक्यातल्या आचरे गावचा ग्रामदेव रामेश्वर, त्याच्या संस्थानाच्या नावातच 'इनामदार श्री देव रामेश्वर' आहे. त्याला हद्द आहे, मानकरी आहेत, बारा-पाचाची, म्हणजे मानाच्या घराण्यांची ठरलेली व्यवस्था आहे, येण्याजाण्याच्या ठरलेल्या वाटा आहेत. शेजारच्या गावचा देव वेगळा, त्याचा शब्द इथे चालत नाही. त्याच्याकडे मोक्ष मागायला कुणी जात नाही. जातात ते परवानगी मागायला, तक्रार करायला आणि हिशेब चुकता करायला.

हा धनीपणा किती खरा मानतात ते बघायचं असेल तर आचऱ्याची गावपळण बघा. साधारण चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे. तीन दिवस तीन रात्री झोपड्या घालून राहतात. मागे घरं बंद, रस्ते ओस. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावतात. देवाने हो म्हटलं तर परत यायचं, नाही म्हटलं तर मुक्काम वाढवायचा. झोपड्यांतून भजनं, फुगड्या, पत्ते, मटणाचा रस्सा हे सगळं जोरात चालतं. भीतीने गाव सोडलाय असं वातावरण नसतं. गाव त्याचा आहे, आपण राहायला आहोत, आणि तो म्हणाला की काही दिवस रिकामा करून द्यायचा. गावपळणीची हवा शुद्ध होण्यापासून रोगराईपर्यंत वेगवेगळी कारणं शहाणी माणसं सांगतात. असतीलही. पण वेशीबाहेर बसलेल्या म्हातारीला विचारलंत तर ती एवढंच म्हणेल की देवाने सांगितलंय.

आंगणेवाडीच्या भराडी देवीचंही तसंच. जत्रा कुठल्या तिथीला हे पंचांग सांगत नाही. आधी शिकारीचा विधी होतो, मग देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. ती जाहीर झाली की मुंबईतले चाकरमानी रजेचे अर्ज टाकतात, रेल्वे जादा गाड्या सोडते आणि पुढाऱ्यांचे दौरे त्याप्रमाणे लागतात.

धनी म्हटला तरी त्याला शरीर आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला वेतोबा आहे. त्याला नवस फेडताना केळ्यांचे घड देतात आणि चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात अशी समजूत. मूर्तीपुढे रांगेने ठेवलेल्या त्या चपला बघितल्यावर देव निर्गुण की सगुण हा वाद तिथे कुणी का काढत नाही ते समजतं. आणि याच भागात सातेरी ही देवी वारुळाच्या रूपात पुजतात, तिला ना चेहरा ना हात. एकाच घरातली माणसं दोन्हीकडे सारख्याच भावाने नारळ ठेवतात. रूपाबद्दल आग्रह नाही. ती ऐकते का आणि उत्तर देते का, याबद्दल मात्र आहे.

माझं मत विचाराल तर माणसं देवाशी कशी बोलतात ते बघितलं की त्यांच्या मनातला देव आपोआप दिसतो. वारकऱ्याचा विठ्ठल घ्या. तिथे कौल नाही. जनाबाई अंगणात उभी राहून त्याला शिव्या घालते, तुकोबा एका अभंगात माझ्या लेखी देव मेला असं म्हणून मोकळे होतात. हे धन्याशी बोलणं नव्हे, घरच्या माणसाशी भांडण आहे. आणि उत्तर येतं तेही तसंच जवळिकीने. तुकोबा सांगतात की नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्वाचं काम सोपवून गेले. त्या उत्तराला साक्षीदार नाही, ते ज्याचं त्याला. रामेश्वराला शिव्या घालायची आमच्या गावात कुणाची छाती नाही, आणि विठ्ठलाला "घराचं काम सुरू करू का" असं कुणी पाकळी लावून विचारत नाही. एकच माणूस आषाढीला पंढरपूरला एक भाषा बोलतो आणि गावच्या देवळात दुसरी, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही.

अमेरिकेत तान्या लुरमन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी शिकागो आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिनयार्ड पंथाच्या ख्रिस्ती मंडळींत बरीच वर्षं काम केलं. तिथे देव म्हणजे जवळचा मित्र. त्याच्यासाठी कॉफीचा कप भरून समोर ठेवून गप्पा मारणारी माणसं आहेत. देवाचं बोलणं त्यांना स्वतःच्या मनातल्या विचारांतच सापडतं, आणि कुठला विचार आपला आणि कुठला त्याचा हे ओळखायला ती शिकतात: एरवी आपल्याला सुचला नसता असा आहे का, बायबलमधल्या देवाला शोभेल असा आहे का, मन शांत होतं का. म्हणजे गाळणी त्यांनाही लागतेच. त्यांची मनात आहे, आमची मूर्तीवर. मला आमची बरी वाटते, कारण ती स्पष्ट नाही म्हणू शकते. मनातला देव आपल्या मनाविरुद्ध क्वचितच जातो. माझ्या काकांचा गवंडी ठरलेला असताना पाकळी डावी पडली.

अवसराबद्दल, म्हणजे अंगात देव येण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण दसऱ्याला सासरी गेलात तर दिसेल म्हणून सांगतो. साड्या नेसवलेल्या तरंगकाठ्या, म्हणजे देवांच्या काठ्या, निघतात, त्या धरणाऱ्याच्या अंगात देव येतो, आणि लोक त्याच्याशी देवाशी बोलावं तसं बोलतात. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला घाबरवतं. इथेही कुणाच्या अंगात यायचं, कधी, कुठे थांबायचं हे ठरलेलं असतं. वाटेल त्याने उठून घुमायला लागलं तर मानकरीच त्याला गप्प करतात. मात्र अंगात येतं असं सांगून लोकांना धाक घालणं, ऐकलं नाहीत तर वाईट होईल अशी धमकी देणं, हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा मला पटतो. गावच्या तरंगाला त्याने काही धक्का लागलेला नाही.

आता मला न आवडणारी बाजू. प्रश्न मांडणारा उत्तराचा अर्धा मालक असतो, आणि प्रश्न मांडायचा मान ठरावीक घराण्यांतल्या पुरुषांचा. बायका मागे उभ्या राहून "व्हय म्हाराजा" म्हणणार. मानपानावरून गावात तट पडतात, देवळांना कुलपं लागतात, आणि देवाच्या शब्दावर चालणारी माणसं कोर्टात तारखा घेत बसतात. गंमत म्हणजे कोर्टालाही देवाची इच्छा अगदीच परकी नाही. कलकत्त्याच्या एका घराण्यातल्या मूर्तीवरून झालेल्या दाव्यात 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी राजवटीतल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, मूर्ती ही कायद्याने व्यक्ती मानली, आणि ती कुठे राहावी याबाबत तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे असं म्हटलं. ती इच्छा कोर्टापुढे मांडायला त्रयस्थ माणूस नेमावा असंही सांगितलं. आमच्याकडे ते काम पाकळीवर भागतं.

आजारपणात कौल लावू नये, हे माझं ठाम मत आहे. माझ्या घरात मी ते चालू देत नाही, आणि गावातले बरेच जुने लोकही आता "आधी डॉक्टर, मग देव" असंच म्हणतात. तुमच्या घरी कुणाचं औषधपाणी डाव्या कौलावर अडलं असेल तर तिथे गप्प बसू नका. घर, जमीन, लग्नाची तारीख यात चार महिन्यांचा उशीर झाला तर फार काही बिघडत नाही.

आणि एक करा. पुढच्या खेपेला सासऱ्यांबरोबर जा. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर ते घरातून निघायच्या आधी त्यांना सांगा: "बाबा, काम करायचं की नाही असं नको, आत्ता करायचं की मे महिन्यात, असं विचारा." बहुतेक जण ऐकतात, कारण प्रश्न घडवायला घरातली चार डोकी लागतात हे त्यांनाही ठाऊक असतं. गुरवाने एकदा पाकळ्या लावून गाऱ्हाणं सुरू केलं की मग वाक्य कुणी बदलत नाही.