खोकं उघडण्याआधी

सप्रेम नमस्कार,

किरणोत्सारी पार्सलं ताब्यात घेण्याचं काम आता तुझ्याकडे आलंय. खोक्याजवळ किरणोत्सार मोजणारा मीटर वाजला म्हणून दचकू नकोस आणि गप्प राहिला म्हणून निर्धास्तही होऊ नकोस.

हातमोजे घालून आधी नुसतं बघ. खोकं ओलं, चेपलेलं किंवा सील तुटलेलं असेल तर उचलू नकोस, लगेच किरणसुरक्षा अधिकाऱ्याला बोलाव. मीटरची बॅटरी, कॅलिब्रेशनची तारीख आणि तपासणी-स्रोतावरचं (मीटर पडताळायच्या ठराविक छोट्या स्रोतावरचं) वाचन पाहा. पार्श्वभूमी, म्हणजे आसपास नेहमी असणारा किरणोत्सार, पार्सलपासून लांब मोज.

मग लेबल. खोक्याच्या पृष्ठभागावर पांढऱ्या-१ लेबलला ताशी ५ मायक्रोसिव्हर्टपर्यंत (सिव्हर्ट हे किरणमात्रेचं एकक) चालतं, पिवळ्या-२ ला ५००, पिवळ्या-३ ला २,०००. पिवळ्या लेबलवरचा ट्रान्सपोर्ट इंडेक्स दहाने गुणला की खोक्यापासून एक मीटर अंतरावरचा ताशी मायक्रोसिव्हर्टमधला दर निघतो. इंडेक्स ०.८, म्हणजे त्या अंतरावर ८ हवेत, आणि मीटर दाखवतोय २५? आतलं शिल्डिंग (किरण अडवणारं आवरण) सरकलंय किंवा माल दुसराच आहे. उघडायचं नाही.

खरा घोर खोक्याला बाहेरून लागलेल्या किरणोत्सारी अंशाचा, कारण तो हाताला लागून घरापर्यंत जातो. गाळणकागदाने ३०० चौरस सेंटीमीटर पूस. तळ आणि सांधे सोडू नकोस. कागद पार्सलशेजारी मोजणं ही नेहमीची चूक: वाचन खोक्याचं येतं आणि दोष कागदाला लागतो. समज, पार्श्वभूमी वजा जाता मिनिटाला १२० गणना आल्या, म्हणजे सेकंदाला २. उपकरणाची कार्यक्षमता २० टक्के, म्हणून १० बेकरेल (सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल). कागद दहावा हिस्साच उचलतो असं धरायचं. ३०० चा दहावा हिस्सा ३०, म्हणून १० भागिले ३० म्हणजे ०.३३ बेकरेल प्रति चौरस सेंटीमीटर. बीटा-गॅमाची मर्यादा ४, बहुतेक अल्फाची ०.४.

ट्रिटियमचा (किरणोत्सारी हायड्रोजनचा) बीटा किरण इतका क्षीण की साध्या मीटरमधल्या गायगर नळीच्या पडद्यातून आतच जात नाही. तो कागद द्रव-सिंटिलेशन काउंटरमध्येच (नमुना चमकणाऱ्या द्रवात बुडवून मोजणाऱ्या यंत्रात) मोजायचा. आयोडीन-१२५ साठी पातळ सोडियम आयोडाइड स्फटिकाचा प्रोब घे. साध्या नळीला ते फारसं दिसत नाही.

आयोडीनची द्रावणं फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) उघड, त्यांची वाफ होते. कुपीवरचं समस्थानिक, क्रियाशीलता आणि संदर्भवेळ (ती क्रियाशीलता ज्या वेळेची आहे ती) चलनाशी ताडून बघ. टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मं होतं, त्यामुळे तारखेबरोबर वेळही हवी. आतलं वेष्टनही पुसून मोज.

रिकामं खोकं स्वच्छ निघालं तरी लेबल पूर्ण खोडल्याशिवाय किंवा काढल्याशिवाय ते कचऱ्यात टाकू नकोस. सफाई कामगाराला लेबलवरचं किरणोत्साराचं चिन्ह दिसलं तर त्याने काय समजायचं?

तुझा हितचिंतक