पडवीतल्या गांधीलमाशीच्या पोळ्याचं काय करायचं

तुम्ही लिहिलंय की पडवीत गांधीलमाशीचं पोळं आहे. सासूबाई म्हणतात चूड (सुक्या झावळीची मशाल) पेटवून जाळा, मिस्टर म्हणतात फवारा मारा, आणि तुम्हाला मुलांना घेऊन मे महिना त्याच पडवीत काढायचाय. त्यात गेल्या वर्षी गांधील चावून मुलाचा हात कोपरापर्यंत सुजला होता. माझं अर्धं आयुष्य संगमेश्वरकडच्या कौलारू घरात गेलंय आणि चावूनही भरपूर घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पोळं कुणाचं आहे ते लांबूनच बघा. वाशाला बारीक देठाने लटकलेलं, खालून उघडं, आतली घरं दिसतायत, असं असेल तर ती आपली नेहमीची तांबूस गांधील. पण पोळं फुटबॉलसारखं गोल, बाहेरून कागदी कवच, आत जायला एखादंच भोक आणि ये-जा करणारी माशी मोठी काळी, पोटावर रुंद पिवळा पट्टा, असं असेल तर घरच्या कुणीच हात लावायचा नाही. त्याला हे काम करणारा माणूसच बोलवा. आणि भिंतीला नुसते मातीचे गोळे असतील तर ती कुंभारीण. ती एकटी राहते, अळ्या बधिर करून त्या मडक्यात पिल्लांसाठी भरून ठेवते आणि मुठीत धरल्याशिवाय सहसा कुणाला चावत नाही. आमच्या स्विचबोर्डाच्या भोकात दरवर्षी तिचं बांधकाम असतं. राहू दे बापडी.

आता चुडीबद्दल. विशीत असताना मी हा पराक्रम केलाय. भर दुपारी झावळीची चूड पेटवून पोळ्याखाली धरली. पोळं पेटलं, पण जेवढ्या जळल्या त्याहून जास्त धुरातून थेट खाली आल्या. एक डाव्या पापणीवर बसली. दोन दिवस मी एका डोळ्याने आंबे काढले. वासा काळा पडला तो आजही तसाच आहे. कौलांखालचं सुकं लाकूड पेटलं नाही हे नशीब. शिवाय दुपारी निम्म्या माश्या बाहेर असतात. त्या परतल्या आणि पोळ्याच्या जागेवर पुढचे तीन-चार दिवस घिरट्या घालत राहिल्या. पडवी तेवढे दिवस बंदच.

काढायचंच असेल तर अंधार पडून दोनेक तास झाल्यावर, सगळ्या पोळ्यावर चिकटून बसलेल्या असताना. बॅटरी हातात धरू नका, उजेडाच्या दिशेने येतात. ती बाजूला जमिनीवर ठेवा, वर लाल जिलेटिन कागद लावा. झाडांना मारायच्या पंपात भांड्यांच्या साबणाचं पाणी भरून लांबून जोरात धार मारली की पंख भिजतात, श्वासाची भोकं बुजतात आणि पोळं वाचवायला उठण्याआधीच बऱ्याचशा खाली पडतात. विकतचा फवारा मारलात तरी चालेल, पण जवळ कंदील किंवा चूल नको, तो पेट घेतो. पूर्ण बाह्या, काच लावलेलं हेल्मेट, आणि पोळ्याच्या बरोबर खाली किंवा शिडीवर उभं राहायचं नाही. शिडीवरून पडून हात मोडलेले लोक मी चावलेल्यांपेक्षा जास्त बघितलेत. सकाळी लांब काठीने पोळं पाडा आणि देठ खरवडून टाका. पोळं रुपयाएवढं, एक-दोन माश्यांचं असेल तर एवढा सोहळा नको, संध्याकाळी काठीने पाडलं की झालं.

ते कुणाच्या वाटेत नसेल तर मात्र माझं मत विचाराल तर राहू द्या. परसातल्या भाजीवरच्या अळ्या त्या उचलून नेतात. दुपारी सगळे झोपलेले असताना बिनरंगाच्या जुन्या फाटकापाशी उभं राहिलात तर बारीक करकर ऐकू येते. लाकूड खरवडून, थुंकीत कालवून त्याचा कागद करत असतात. फाटकावर फिकट रेघा दिसतात त्या त्यांच्याच.

उन्हाळ्यात त्या घरात घुसतात त्या पाण्याला आणि गोडाला. गळका नळ दुरुस्त करा, आंब्याच्या साली नि फणसाची चारखंडं उघड्यावर टाकू नका आणि मुलांना सरबत बाटलीतून नको, ग्लासातून द्या. आत माशी आहे का ते दिसतं.

चावलीच तर हातवारे न करता तिथून लांब जा. चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या येतात. गांधील काटा सोडत नाही, म्हणून तीच पुन्हा पुन्हा चावू शकते. काटा राहिला असेल तर ती मधमाशी. नखाने लगेच काढा, कसा काढता यापेक्षा किती पटकन हे महत्त्वाचं. हाताला चावली तर सूज यायच्या आत अंगठी, बांगड्या उतरवा. मग फडक्यात गुंडाळलेला बर्फ. लोखंड घासा, चुना लावा हे आमच्याकडेही चालतं. लोखंडाने काही होत नाही, चुन्याने डोळ्याजवळची कातडी भाजते.

तुमच्या मुलाचा हात सुजला तशी सूज दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि आठवडाभर रेंगाळते. दिसायला भयंकर, पण ती चावलेल्या जागेपासूनच पसरलेली असते. तरी यंदा गावी यायच्या आधी त्याच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. घाबरायचं ते वेगळ्या गोष्टीला: चावली हाताला आणि गांधी उठल्या अंगभर, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, उलटी झाली, चक्कर आली. हे काही मिनिटांत होतं. तिथे ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका. १०८ लावा, आडवं झोपवून पाय वर ठेवा (धाप असेल तर बसू द्या), उभं करून चालवू नका. मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाच खरा उपाय आहे आणि बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबायचं, कारण त्रास उलटून येऊ शकतो. तोंडात किंवा घशात चावली, किंवा एकाच वेळी बऱ्याच चावल्या, तर लक्षणांची वाट न बघता निघा. पुढच्या दोन-तीन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तरीसुद्धा.

गावी पोचल्यावर पहिल्या दिवशीच जवळच्या आरोग्य केंद्रात फोन करून ॲड्रेनॅलिन आहे का आणि रात्री कोण असतं ते विचारून ठेवा. आणि पडवीतली चूड आजच उचलून गोठ्यात नेऊन टाका, सासूबाई झोपल्यावर.