रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, कलमच घ्या

स्वस्त मिळतात म्हणून बियांची रोपं घेऊ नका. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. ७-८ वर्षं जोपासल्यावर फुलं येतात, तेव्हा कळतं की निम्मी झाडं नर आहेत! मादी झाडाचंच कलम घ्या, आणि कलमाला जोडलेली काडी सरळ वाढणाऱ्या शेंड्याची आहे ना, ते विचारा. आडव्या फांदीची असेल तर झाड उभं न वाढता पसरत बसतं.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात पावसाआधी पिकते. उशिरा पिकलेले रातांबे पावसात सापडले की आमसुलं वाळतच नाहीत.

मूळचं हे सह्याद्रीच्या सदाहरित रानातलं झाड, कोकण-गोव्यापासून केरळपर्यंतचं. लहानपणी सावली द्याच. फळातल्या बिया फेकू नका, मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, त्यातूनच निघतं. भेगाळलेल्या टाचांना मी तरी दुसरं काही लावत नाही.