‘त्सूक’ म्हणजे नुसती आगगाडी नव्हे

जर्मन शिकताना ए-१ या अगदी पहिल्या पातळीच्या शब्दयादीत ‘डेअर त्सूक’समोर ‘आगगाडी’ एवढंच लिहिलेलं असतं. तेवढ्यावर थांबू नका. जर्मनीत वाफेच्या इंजिनाची पहिली प्रवासी गाडी न्यूर्नबर्ग ते फ्युर्थ धावली 1835 मध्ये. शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. मुळाशी क्रियापद आहे ‘त्सीअन’, म्हणजे ओढणे. ते एकदा पक्कं केलंत की बाकीचे अर्थ फार छळत नाहीत.

दार-खिडकी समोरासमोर उघडी राहिली की जी हवा अंगावर येते, ती त्सूक. जर्मन मंडळींना तिचं भारी वावडं. ‘एस त्सीट’ (वारं येतंय) म्हणत उठून खिडकी लावतील, उन्हाळ्यातसुद्धा! सिगारेटचा झुरकाही त्सूकच, आणि झुरका आपणही ओढतोच की. शिवाय मिरवणूक, सैन्याची तुकडी, बुद्धिबळातली चाल. ‘त्सूकत्स्वांग’ बुद्धिबळवाल्यांना ठाऊक असेल: चाल तर करायलाच हवी, पण कुठलीही केली तरी डाव बिघडणार.

उपसर्ग लागले की आणखी गंमत. आनत्सूक म्हणजे अंगात घालायचा सूट, आउफत्सूक म्हणजे लिफ्ट, उमत्सूक म्हणजे बिऱ्हाड हलवणं. घोकत बसू नका, प्रत्येकाचं एकेक वाक्य वहीत उतरवा.

उच्चार मात्र सांभाळा. लिहिताना शेवटी ग, बोलताना क. अनेकवचनात ‘त्स्यूगे’ होताना तो ग परत ऐकू येतो. आणि ‘डू बिस्ट आम त्सूक’ असं कुणी म्हणालं तर फलाटाकडे धावू नका, तुमची पाळी आली आहे एवढंच.