रविवारचा आनंद सोमवारी कुठे जातो?

प्रश्न: ताई, सलाम. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, सासरे नोकरीसाठी इंदूरला आले आणि मग इथलेच झालो. माझं वय 46. विजयनगरला फ्लॅट झाला, मुलगा पुण्यात जॉबला लागला, मिस्टरांची तब्येत ठीक, म्हणजे तक्रार करावी असं काहीच नाही. रविवारी चर्चमध्ये गाणी म्हणताना खूप बरं वाटतं आणि सोमवारी सकाळी पोह्यांना फोडणी देतानाच मन परत रिकामं. बायबल रोज वाचते. प्रार्थना ग्रुपमधल्या एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ख्रिस्ती माणूस उदास राहतो म्हणजे विश्वास कमी पडतोय. तेव्हापासून ग्रुपला जायचंच टेन्शन येतं. कायमचा आनंद खरंच मिळतो, की नुसतं बोलायचं?

उत्तर: सलाम. आधी त्या बाईंचं बघू, कारण मला वाटतं तुमचं निम्मं ओझं तेच आहे. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन तुम्हाला ऐकवलं गेलं असणारच, हल्ली फ्रिजच्या मॅग्नेटवर पण असतं. फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय 4, वचन 4. आता जरा वर सरका, वचन 2 मध्ये हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल फिलिप्पैच्या मंडळीतल्या, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या, युवदीया आणि सुंतुखे ह्या दोघींना नाव घेऊन विनवतो की बायांनो, एकमनाने राहा. पत्र मंडळीत सगळ्यांसमोर वाचलं जायचं, तेव्हा त्या दोघी कुठे बघत असतील कोण जाणे! म्हणजे ‘आनंद करा’ हे अशा कुरबुरीच्या लगेच खाली लिहिलंय आणि लिहिणारा स्वतः बेड्यांत आहे. मंडळीची मदत घेऊन आलेला एपफ्रदीत मरता मरता वाचला, तर पौल सरळ लिहितो की देवाने दया केली नसती तर मला दुःखावर दुःख झालं असतं. तिसऱ्या अध्यायात तर रडत सांगतोय म्हणतो. चार अध्याय, 104 वचनं, मोठ्याने वाचलं तरी अर्ध्या तासात होतं. एका बैठकीत पूर्ण वाचा, एकच वचन तोडून घेतलं की तो हुकूम वाटतो. आणि कुठल्याही परिस्थितीत समाधानी राहायला मी ‘शिकलो’ असं त्याने म्हटलंय, म्हणजे त्यालाही ते आयतं मिळालेलं नव्हतं.

विश्वास कमी म्हणाल तर एलीया संदेष्ट्याचा कमी होता का? कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला, आणि पुढच्याच अध्यायात, 1 राजे 19 मध्ये, हा माणूस झुडपाखाली पडून म्हणतो की देवा, पुरे झालं, आता माझा जीव घे. देवाने लेक्चर नाही दिलं हो. झोपू दिलं, देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं, आणि बोलणं त्यानंतर, होरेब डोंगराला पोचल्यावर. म्हणून विचारते, झोप कशी आहे? भूक? 46 म्हणजे पाळीच्या बदलांचं वय, थायरॉईडही असू शकतो, त्यात मुलगा घराबाहेर गेलाय. दोन आठवड्यांहून जास्त रोजच असं रिकामं वाटत असेल तर डॉक्टरला दाखवा, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञालाही, आणि जगूच नये असं कधी मनात आलं तर त्याच दिवशी घरात सांगा. गोळी घेतली म्हणून विश्वास कमी होत नाही, पौलाबरोबरचा लूक वैद्यच होता की.

आता कायमच्या आनंदाचं. येशू ज्या रात्री शिष्यांना म्हणाला की माझा आनंद तुमच्यामध्ये असावा (योहान 15), त्याच रात्री त्याला पकडून नेलं. त्याच बोलण्यात पुढे तो आधी म्हणतो, आता तुम्हाला दुःख झालंय, आणि मग, तुमचा आनंद कोणी काढून घेणार नाही. म्हणजे दुःख नाकारून नाही. आणि आनंदाच्या लगेच पुढची आज्ञा आहे की एकमेकांवर प्रीती करा, हे आपण गाण्यांच्या नादात विसरतो. रविवारी बरं वाटतं त्यात गाण्यांइतकाच शेजारी बसलेल्या माणसांचाही वाटा असेल, आणि सोमवारी तुम्ही ओट्यापाशी एकट्या. तर सोमवारचा एक डबा जास्त भरा, मंडळीतलं कुणी ना कुणी एमवाय हॉस्पिटलला ॲडमिट असतंच, नाहीतर एकटी राहणारी एखादी आजी असते, तिथे तासभर बसा. उपदेश नको, गप्पा मारा. मूड लगेच चांगला होईल असं मी लिहून देत नाही. ज्या दिवशी काहीच जमत नाही त्या दिवशी स्तोत्र 88 वाचा, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं तरी बायबलमध्ये आहे.

ग्रुप महिनाभर नाही गेलात तरी चालेल. पाळकसाहेबांना मात्र खरं कारण सांगा.

प्रश्न: मी राजवाड्याजवळ राहतो, आमच्या घरी वारीची परंपरा. ऑफिसमधल्या मित्राने नवा करार दिलाय, वाचायला आवडतं, पण घरी कळलं तर? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर: लपवू नका, लपवलं की घरच्यांना भलतीच शंका येते. वाचणं म्हणजे धर्म बदलणं नाही, त्याची घाई कुणी करत असेल तर त्याला थांबा म्हणा. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबा त्यांनी सोडले नाहीत, उलट तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. मार्कपासून सुरू करा, चार शुभवर्तमानांत, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार पुस्तकांत, तेच सगळ्यात छोटं, 16 अध्याय. वंशावळीही नाहीत. अडलं तर कळवा.