पावसाळ्यात पिस्तूल पेटीत कोंडू नका

प्रश्न : मुलगी दहावीला आहे म्हणून जूनपासून नेमबाजीच्या रेंजवर जाणं बंद. एअर पिस्तूल पुसून पेटीत घालून कपाटात ठेवलं होतं. गणपतीत उघडलं तर लाकडी ग्रिपवर (मुठीवर) पांढरी बुरशी आणि लोखंडी भागावर तांबूस ठिपके. एवढी महागाची वस्तू, फार वाईट वाटतंय. काय करू? – एक आई, चिपळूण

ताई, घाबरू नका, हे निस्तरतं. तुमची चूक एवढीच की पेटी नीट बंद केलीत! त्या पेटीतला स्पंज कोकणातली दमट हवा पिऊन बसतो आणि दोन महिने पिस्तुलाला चिकटून राहतो, वर मुलीच्या हाताचा घाम, म्हणजे मीठ, आधीच लागलेलं. गोळ्या मारून पिस्तूल खराब झालेलं मी क्वचित बघितलंय, ठेवून ठेवून खराब झालेली मात्र दरवर्षी येतात.

आधी सिलिंडर (पिस्तुलाला लावलेली दाबलेल्या हवेची टाकी) काढा आणि नळीत पेलेट, म्हणजे शिशाची गोळी, नाही ना ते बघा. मग ग्रिप सोडवून अंगणात नेऊन कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झाडा, घरात नको, ती उडते. नंतर स्पिरिटचा किंचित ओला बोळा फिरवून सावलीत दोन दिवस वाळू द्या. उन्हात अजिबात नको, लाकूड वाकलं किंवा तडकलं तर तिच्या हातात बसलेली पकड गेली आणि ती परत जमवायला महिने जातात. तांबूस ठिपक्यांवर कापडाने गन ऑइल लावून रात्रभर ठेवा, सकाळी त्याच कापडाने चोळा, बहुतेक निघतात. पॉलिश पेपर मात्र घेऊ नका, गंजाबरोबर वरचा काळा थरही जाईल आणि मग तिथे पुन्हा पुन्हा गंज धरेल. नळीत फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) बोळे मागच्या बाजूने घालून पुढे काढा. पुढून लोखंडी सळई घालायची नाही, नळीच्या तोंडाला बारीक ओरखडा पडला तरी नेम बिघडतो.

पुढच्या पावसाळ्यात पिस्तूल सुती कापडात सैल गुंडाळून कुलपाच्या कोरड्या कपाटात ठेवा, शेजारी सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ते भरले, मंद आचेवर तव्यात गरम केले की परत निळे होतात (तो तवा स्वयंपाकाला वापरू नका). आणि दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून पुसा, अभ्यासातून दहा मिनिटं मुलीलाच करू दे, तिलाही बरं वाटेल. ट्रिगरला बॅटरी असेल तर तीही काढून ठेवा. पेलेट वेगळ्या जागी घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल लागली की शिशावर पांढरी भुकटी येते, आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे. नळीतून रंगीत सेफ्टी दोरी घातलेली असू दे, कपाट कोणीही उघडलं तरी रिकामं आहे हे लांबून दिसतं.

प्रश्न : सिलिंडर भरून ठेवावा की रिकामा? माझ्या सिलिंडरचा दाब आठवड्यात २० बार (बार म्हणजे दाबाचं माप) उतरतो. – नाशिक

पूर्ण रिकामा नको दादा. थोडा दाब आत असला की व्हॉल्व्ह बसलेला राहतो आणि बाहेरची ओल आत शिरत नाही. आता गळती. सिलिंडर पिस्तुलावरून काढून दाबाचा आकडा लिहून ठेवा, दोन-तीन दिवसांनी बघा. तरीही उतरला तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा, तसाच राहिला तर पिस्तुलातल्या ओ-रिंगचा (हवा अडवणारी रबरी कडी). दोन्ही कामं जाणत्याकडून करून घ्या, २०० बारचा सिलिंडर घरात पान्हा घेऊन उघडायची वस्तू नाही. त्यावर कोरलेली तारीखही वाचा, बहुतेक कंपन्या १० वर्षांची मुदत देतात, मुदत संपलेला मॅचला चालत नाही, आणि खरं तर घरीही भरू नये. बंद गाडीत उन्हात तर कधीच ठेवू नका, २५ अंशाला २०० बार असलेला ६० अंशाला साधारण २२३ वर जातो.

अजून एक, पावसाळ्यात हातपंपाने भरत असाल तर पंपाला ओल शोषणारा फिल्टर लावा. एवढी हवा दाबली की त्यातली वाफ पाणी होऊन बसते आणि ते सिलिंडरमार्गे थेट पिस्तुलात जातं. हे कोणी सांगतच नाही.

प्रश्न : वडिलांचं जुनं स्प्रिंगचं एअर पिस्तूल आहे. शिवणयंत्राचं तेल सोडलं तर फटाक्यासारखा आवाज आणि धूर आला. – सातारा

तेल आत गेलं आणि पेटलं. पिस्टन हवा दाबतो तेव्हा ती इतकी तापते की डिझेल इंजिनसारखा भडका उडतो, सील आणि स्प्रिंग दोन्हीची वाट लागते. आता मारणं थांबवा आणि एकदा खोलून साफ करून घ्या. शिवणयंत्राचं तेल बाहेरच्या लोखंडाला चालेल, तेही बोटभर नाही, कापडाला लागेल इतकंच. आणि कॉक करून (स्प्रिंग दाबून, झाडायला तयार) ठेवत असाल तर ते आजच बंद करा, स्प्रिंग दबलेली राहून राहून मरते.